कलम १४ नुसतं कागदावर नाहीये

वर एकांनी लिहिलंय की समानतेचं कलम, म्हणजे राज्यघटनेचं कलम १४, फक्त शाळेत पाठ करण्यापुरतं आहे, कोर्टात त्याचा काही उपयोग होत नाही. मला हे अजिबात पटत नाही. १९८१ ची एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मीर्झा ही केस बघा. तेव्हा एअर होस्टेसला ३५ व्या वर्षी रिटायर व्हावं लागायचं, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी, आणि पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी संपली! त्याच विमानात काम करणाऱ्या पुरुष पर्सरला (प्रवाशांची व्यवस्था बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) मात्र यातलं काहीच लागू नाही. सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट कलम १४ चा भंग म्हणून सरळ रद्द केली आणि ३५ नंतर कोणाला मुदतवाढ द्यायची हे एमडीच्या (मॅनेजिंग डायरेक्टरच्या) मर्जीवर होतं तेही उडवलं.

पण चार वर्षांच्या लग्नबंदीची अट कोर्टाने तेव्हा योग्य ठरवली, याचा मला आजही राग येतो.

आणि एक महत्त्वाचं, एअर इंडिया तेव्हा सरकारी कॉर्पोरेशन होतं म्हणून कलम १२ प्रमाणे ते 'राज्य', म्हणजे सरकारचाच भाग, धरलं गेलं आणि म्हणून कलम १४ लागू झालं, खाजगी कंपनीविरुद्ध ते असं थेट वापरता येत नाही, तिथे आधी १९६१ चा मातृत्व लाभ कायदा कामाला यायचा, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आहे. त्यामुळे कोणाला गरोदरपणात काढलं असेल तर आधी ती संहिता दाखवा, नोटीस लेखी मागा आणि लेबर ऑफिसला तक्रार करा.