विषय: बाबांसाठी स्टॅनफर्डचं कँटर संग्रहालय

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरअखेर आई-बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी येताहेत. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवण्यात त्यांची हयात गेली. स्टॅनफर्डच्या कँटरमध्ये त्यांचं मन रमेल का, की एका फेरीतच आटोपतं?
– नवी सभासद, सनीवेल

------

अगं, नक्की रमेल. प्रवेश फुकट आहे, तेव्हा एका दिवसात सगळी दालनं पालथी घालायची घाई नको. पहिल्या दिवशी तर त्यांना आत नेऊच नकोस, बाहेर फ्रेंच शिल्पकार रोदँच्या शिल्पांच्या बागेत सोड. तिथे ब्राँझची 20 शिल्पं आहेत आणि 'गेट्स ऑफ हेल'चं ते अवाढव्य दार. 1880 मध्ये हाती घेतलेलं हे काम रोदँ 1917 साली गेला तरी त्याच्या मते संपलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक असलेला 'थिंकर' मुळात या दाराच्या माथ्यावरचा. मग चालत मेन क्वाडपर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य चौकापर्यंत जा. तिथेही रोदँचीच शिल्पं आहेत. 1347 साली वेढ्यात सापडलेलं फ्रान्समधलं कॅले शहर वाचवायला गळ्यात दोर घालून निघालेले सहा नागरिक तिथे चौथऱ्याशिवाय, थेट जमिनीवर उभे आहेत. त्यांच्यामधून फिरता येतं. बाबांना म्हणावं, वही-पेन्सिल घेऊन या आणि नुसत्या हातांची चित्रं काढा.

सप्टेंबरअखेर विद्यार्थी परतले की जागा गजबजते. प्राध्यापक वर्ग घेऊन दालनांत येतात, मुलं चित्रासमोर बसून वाद घालतात. बाबांनी खुशाल शेजारी उभं राहून ऐकावं. जानेवारी-फेब्रुवारीत पावसाची झड लागली की आतली दालनं बघावीत. प्रदर्शनं बदलत राहतात. आशियाई-अमेरिकन कलाकारांसाठी 2021 पासून खास उपक्रम सुरू आहे. आपल्या इथे वाढणाऱ्या मुलांनी तो बघायलाच हवा.

आणि 'स्टोन रिव्हर' ही दगडी भिंत चुकवू नका. तिच्यामागे संग्रहालयाचा इतिहास आहे. विद्यापीठाच्या संस्थापक स्टॅनफर्ड दांपत्याचा मुलगा लेलँड ज्युनियर 1884 साली पंधराव्या वर्षी गेला, त्याच्या आठवणीसाठी आईवडिलांनी हे संग्रहालय उभारलं. 1906 च्या भूकंपात त्याचा मोठा भाग कोसळला, 1989 च्या भूकंपानंतर ते जवळजवळ दहा वर्षं बंद होतं. या दोन्ही भूकंपांत विद्यापीठाच्या ज्या इमारती पडल्या, त्यांच्या दगडांतून ब्रिटिश शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दीने 2001 मध्ये ही नागमोडी भिंत रचली. आपण पाहुण्यांना विद्यापीठाच्या चर्चसमोर फोटो काढून परत आणतो आणि हे सगळं राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.
– जुनी सभासद, लॉस आल्टोस

------

काकू, छान लिहिलंत. सोमवार-मंगळवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. कामाच्या दिवशी पालो आल्टोच्या कॅलट्रेन स्टेशनवरून विद्यापीठाची 'मार्गरीट' बस फुकट मिळते, त्यामुळे गाडीवाचून अडायला नको. माझे सासरे ऑक्टोबरात इथेच आहेत आणि त्यांनाही सोबत हवीच आहे. सनीवेलच्या ताई, मला वेगळी मेल करा, पहिल्या खेपेला दोघांना मीच सोडेन.
– माउंटन व्ह्यू