सी विंगमागचे पेव्हर ब्लॉक: बदलायचे की काढायचे?

(कोपरखैरणे, आमच्या सोसायटीचा ग्रुप, शनिवार)

सेक्रेटरी: नमस्कार. सी विंगमागचे पेव्हर ब्लॉक खचलेत, मागच्या महिन्यात दोन ज्येष्ठ सभासद अडखळून पडले. सगळं उखडून ट्रिमिक्स, म्हणजे सलग काँक्रीट, करायचं कोटेशन आलंय, ऑफिसात बघायला मिळेल. उद्याच्या सभेत विषय घेतोय. हरकत असेल तर आत्ताच सांगा.

सी-१०२: हरकत कसली? पावसाआधी उरका.

देशपांडे काका, ए-३०४: माझी हरकत आहे. मंजूर नकाशा काढून बघा. तो तुकडा आर.जी., म्हणजे खेळा-बागेसाठी राखलेली मोकळी जागा आहे, पार्किंग नाही. तिथे बाग होती. सभेत हात वर करून आपणच फरसबंदी केली. मीही हात वर केला होता, तेव्हा माझ्याकडे नवी गाडी आली होती. नगररचना खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने असं करायला नको होतं. खर्च होणारच आहे तर ब्लॉक काढा आणि माती मोकळी सोडा.

सी-२०१: काका, तिथे ९ गाड्या लागतात. त्या डोक्यावर घेऊ का? रोहाउसच्या गल्ल्यांतून रात्री स्कूटर निघत नाही.

नाईक काकू, बी-००३: गाड्यांचं राहू दे रे. जुलैत मोठी भरती आणि पाऊस एकाच वेळी आला की त्या फरशीवरचं सगळं पाणी माझ्या उंबऱ्याशी येतं. दोनदा गॅलरीतून बादल्या उपसल्यात. ट्रिमिक्स झालं की आणखी जोरात येईल.

देशपांडे काका, ए-३०४: काकू बरोबर बोलताहेत. आपल्या नोडचा, म्हणजे कोपरखैरण्याचा, बराच भाग खाडीकाठची सखल जमीन आहे. म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव केले. भरतीला झडपा बंद, शहराचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. आता तलावांत गाळ साचलाय, कांदळवन उगवलंय, त्यामुळे उपसायचं म्हटलं की परवानग्यांत अडकतं. तलाव उथळ होताहेत आणि आपण पाणी आणखी वेगाने गटारात ढकलतोय. अर्थात आपली गुंठाभर माती पूर थांबवणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मि.मी. पडला, तसा दिवस आला तर कुठलीच बाग कामाची नाही. पण वळवाची सर, जूनच्या पहिल्या सरी, त्या तरी जिरतील.

बी-४०२: माझी लेक हॉलंडमध्येच, रॉटरडॅमला असते. तिकडे अंगणातल्या फरशा उपटायची चक्क स्पर्धा असते! २०२० मध्ये रॉटरडॅम आणि ॲम्स्टरडॅम अशी दोन शहरांत सुरू झाली, आता देशभर चालते. किती फरशा काढल्या ते मोजतात.

सी-२०१: तिकडे सायकली आहेत, काकू.

ए-१०१: दक्षिण कोरियात सोलमध्ये तर उड्डाणमार्ग पाडून खालचा ओढा उघडा केला. २००३ ला काम सुरू, २००५ ला खुला. जवळपास ६ किलोमीटर.

देशपांडे काका, ए-३०४: केलं छान. पण त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने सोडतात. नळाचा ओढा म्हणा! मला जवळची उदाहरणं जास्त पटतात. माहीमचं निसर्ग उद्यान मिठी नदीकाठच्या कचऱ्याच्या डोंगरावर उभं आहे. १९८३ ला तिथे पहिलं झाड लावलं पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी, लोकांसाठी उघडलं १९९४ ला. मधली अकरा वर्षं कोणी फीत कापायची घाई केली नाही. आपलं कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यानही आधी डम्पिंगच होतं, रोज चालायला जाता ना? फ्रान्सने तर २०२१ मध्ये कायदाच केला: २०५० पर्यंत जितकी नवी जमीन झाकाल तितकी दुसरीकडे मोकळी करा. आपल्याकडे राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ४,००० चौ.मी. आणि त्यापुढच्या भूखंडाला १० टक्के मोकळी जागा ठेवावी लागते, पण झाकलेली जागा परत उघडायला लावणारं कलम माझ्या तरी पाहण्यात नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

बी-२०४: सिव्हिलवाला म्हणून एक सांगतो. ब्लॉकखाली कच (दगडाचा चुरा) आहे, त्याखाली खडी, काही ठिकाणी पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट. नुसते ब्लॉक काढून वर लाल माती पसरली तर ती मोठी कुंडी होईल, जमीन नाही. खालपर्यंत उखडून, दोन फूट माती सैल करून, डेब्रिज बाहेर टाकावं लागेल. खर्च ट्रिमिक्सपेक्षा फार कमी येणार नाही. आणि पाण्याच्या टाकीजवळ मोठं झाड नको, मुळं शिरतात.

सी-१०२: आणि लॉन तर मुळीच नको. रोज टँकर लागेल.

नाईक काकू, बी-००३: लॉन कशाला? पहिल्या पावसाला टाकळा आपोआप येतो. कोवळा असताना भाजी करू. कडेला भेंडाची झाडं लावा, खाऱ्या मातीत तगतात.

ए-१०१: रान वाढलं की साप येतील.

नाईक काकू, बी-००३: साप आत्ताच पंपरूममध्ये आहे. मागच्या आठवड्यात वॉचमनने सर्पमित्राला बोलावलं होतं, ग्रुपवर टाकलं नाही एवढंच.

सी-२०१: हे आत्ता कळतंय??

देशपांडे काका, ए-३०४: गाड्यांचं बोलू. मला ९ च्या ९ जागा नकोत. भिंतीकडच्या ४ उघडा, काकूंच्या घराचा उतार तिकडेच आहे. ५ राहू द्या. त्यातली एक माझी, ती मी सोडतो. गाडी मुलाने पुण्याला नेली, त्यामुळे फार मोठा त्याग नाही.

सी-२०१: मग बाकीचे ३ कोण? माझी भिंतीकडेच लागते.

देशपांडे काका, ए-३०४: माझी जागा तू घे.

सेक्रेटरी: थांबा. कोटेशन दोन मागवतो: ५ जागांवर फक्त खचलेले ब्लॉक बसवणे, आणि ४ जागा खालपर्यंत उखडून माती. मंजूर नकाशाची झेरॉक्स ऑफिसबाहेर लावतो. उद्या ११ वाजता गच्चीवर. ज्यांची गाडी मागे लागते त्यांनी स्वतः यावं.

नाईक काकू, बी-००३: निघालेले ब्लॉक फेकू नका हं, गावाला अंगणात घालायला नेते.

देशपांडे काका, ए-३०४: काकू!!