तारण हे दान आहे मान्य, पण आईकडे बघून प्रश्न पडला

घणसोलीची: बाबांना जाऊन वर्ष झालं म्हणून रविवारी घरी प्रार्थना ठेवली होती. बाबा तीस वर्षं प्यायले. आईने पोळीभाजीचे डबे करून आम्हाला वाढवलं. शेवटच्या आजारपणात पाळकांनी विचारलं, येशूवर विश्वास ठेवता का, तर बाबांनी मान हलवली, तोंडावर मास्क होता त्यामुळे बोलता येत नव्हतं. रविवारी पाळक म्हणाले ते प्रभूजवळ आहेत, तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं, कमवायचं नसतं. बायबलमधलं हेच वचन, इफिसकरांस २:८, मला लहानपणापासून पाठ आहे. पण आई समोरच बसलेली, लाटून लाटून तिचा उजवा अंगठा वाकडा झालाय, आणि पहिल्यांदाच वाटलं की हा न्याय नाही. कोणावर राग नाही, पण हे मनातून जात नाहीये.

कोपरीकर: ताई मी हिंदू आहे, कोणाचा विश्वास दुखवायचा नाही. कृपा आमच्याकडेही आहे, वारकरी संतांनी आयुष्यभर तीच मागितली. पण करावं तसं भरावं हेही आहेच ना. एका मान हलवण्याने तीस वर्षं पुसली जात असतील तर माणूस सुधारेल कशाला? आणि देवाने माफ केलं ठीक, पण मार ज्याने खाल्ला त्याला कोणी विचारलं का?

ऐरोली सेक्टर ५: येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराकडे बघा, बायबलमध्ये लूक २३. त्याला बाप्तिस्मा नाही, नुकसान भरून द्यायला वेळ नाही, तरी येशू त्याला म्हणाला आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आपल्या चांगुलपणाने तारण मिळत असतं तर येशूला मरायची गरजच काय होती? किंमत त्याने भरली आहे. ताई, उधळ्या पुत्राच्या गोष्टीत सगळं उडवून परत आलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, तेव्हा थोरला भाऊ पण असाच चिडतो, एवढी वर्षं राबलो तर मला साधं करडू दिलं नाहीस म्हणतो. तेव्हा बाप स्वतः बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. म्हणजे प्रेम थोरल्यावर पण तेवढंच आहे.

तलावपाळी: मी कॅथलिक, ठाण्याची ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती. चोराचं खरंय, पण जक्कयचं का सोडता? तो जकातदार, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो म्हणाला तेव्हा येशू म्हणाला आज या घराला तारण मिळालं. कोपरीकरांच्या प्रश्नाला हे जवळचं उत्तर वाटतं. कृपा आधी येते यावर आता भांडण उरलेलं नाही, लूथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) आणि कॅथलिक दोघांनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये तसं सही करून मान्य केलंय. पण आली की ती हातापायात दिसायला हवी, याकोबाच्या पत्रात कृतीवाचून विश्वास मेलेला म्हटलंय. आणि ज्याला इथे वेळ मिळाला नाही त्याला देव पुढे शुद्ध करतो असं आम्ही मानतो, म्हणून मेलेल्यांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, देतो, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लावतो.

ऐरोली सेक्टर ५: हे मला पटत नाही. वधस्तंभावर काम पूर्ण झालं, मेल्यावर आपण काय भर घालणार? जक्कयने परत दिलं कारण येशू आधीच त्याच्या घरी गेला होता. क्रम उलटा करू नका.

कोपरीकर: क्रम कुठलाही असो, जक्कयने परत दिलं हे महत्त्वाचं. या ताईंच्या आईला काय परत मिळालं?

घणसोलीची: हे वाचून आत्ता आईला विचारलं. ती कणीक मळत होती. म्हणाली हॉस्पिटलमध्ये एका रात्री त्यांनी माझा हाच अंगठा धरून ठेवला, नर्स सलाईन बदलायला आली तरी सोडेनात. मी म्हटलं म्हणजे तू माफ केलंस? तर म्हणे रोज थोडं थोडं करते, काही दिवशी होत नाही. मग परत कणीक मळायला लागली. ऐरोली, तुमचं माझ्या चर्चसारखंच आहे आणि मी ते मानते, बाबा प्रभूजवळ आहेत. तरी तलावपाळी, एक विचारू का, तुमच्याकडे मिस्साला प्रोटेस्टंट माणसाचं नाव घेतात का? आईने विचारायला सांगितलंय.