फसाडची प्रीकास्ट पॅनेलमध्ये विभागणी करताना शेवटी १०० मिमीची पट्टी उरतेय, सेटिंग कुठे चुकतंय?

रेषा_भिंत

नमस्कार मंडळी, रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) एका सात मजली इमारतीचं फसाड, म्हणजे दर्शनी बाजू, प्रीकास्ट (कारखान्यात आधीच ओतलेल्या काँक्रीटच्या) पॅनेलमध्ये विभागायचं काम माझ्याकडे आलंय आणि दोन दिवस एकाच जागी अडकलोय. समोरची भिंत बाहेरून मोजली तर २५,३०० मिमी, मजला ३,००० चा, जाडी १५०. पॅनेल ३,६०० रुंद धरा असं सांगितलंय. आधी अंदाज यावा म्हणून कर्टन वॉलचा (ग्रिडने आपोआप भाग पाडणाऱ्या भिंतीचा) टाईप बनवून व्हर्टिकल ग्रिडला फिक्स्ड डिस्टन्स ३,६०० दिलं, तर सात पॅनेल नीट पडले आणि शेवटी १०० मिमीची पट्टी उरली, ती वेगळी ओतणं काही शक्य नाही. मग मॅक्झिमम स्पेसिंग करून पाहिलं, आठ सारखे पॅनेल आले पण ३,१६२.५ चे, आणि तेच सेटिंग बाजूच्या भिंतीला लावलं की तिथे तिसराच आकडा येतो.

शेवटी खरी भिंत घेऊन क्रिएट पार्ट्स आणि मग डिव्हाईड पार्ट्स (भिंतीचे सुटे भाग करून ते कापणं) करायला गेलो, त्यासाठी रेफरन्स प्लेन (कापायची जागा दाखवणाऱ्या मदतीच्या रेषा) काढले, पण कशावर कापायचं ते निवडायच्या इंटरसेक्टिंग रेफरन्सेसच्या यादीत ते येतच नाहीत, फक्त लेव्हल आणि ग्रिड दिसतात. शिवाय दोन पॅनेलमधला २० मिमीचा सांधा ३,६०० च्या आत धरायचा की बाहेर हेही कळत नाहीये. कोणी हे पूर्ण केलंय का?

साचा_आणि_सांधा

यादीचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. रेफरन्स प्लेनला नाव दिल्याशिवाय तो त्या यादीत येत नाही. प्लेन सिलेक्ट करा, प्रॉपर्टीजमध्ये नाव टाका, आणि यादीत वरच्या फिल्टरमध्ये रेफरन्स प्लेन निवडलंय ना ते बघा. तिथेच प्रत्येक रेफरन्सपुढे ऑफसेट देता येतो, तो आडव्या सांध्यासाठी फार कामाचा, म्हणजे सांधा स्लॅबच्या लेव्हलपासून जरा वर किंवा खाली हवा असेल तर त्यासाठी नवीन लेव्हल काढत बसू नका.

आता पट्टीचं. तुमची दोन्ही सेटिंग जे करायला हवं तेच करतायत. फिक्स्ड डिस्टन्स एका टोकापासून मोजत जातं आणि उरेल ते शेवटी टाकतं, मॅक्झिमम स्पेसिंग दिलेल्या आकड्याच्या वर न जाता सगळे भाग सारखे करतं. कारखान्याच्या दृष्टीने दोन्ही वाईट, कारण तिथे खर्च साच्याचा असतो, एकाच मापाचे पॅनेल जितके जास्त तितका साचा पुन्हा वापरता येतो, आणि प्रत्येक भिंतीची रुंदी वेगळी निघाली की दरवेळी साचा बदलायचा. म्हणून मी मधले पॅनेल मापाचे ठेवतो आणि फरक दोन्ही कोपऱ्यांत टाकतो. तुमच्या भिंतीत ३,६०० चे सहा म्हणजे २१,६००, उरले ३,७००, ते अर्धे अर्धे, दोन्ही कोपऱ्यांना १,८५० चा एकेक पॅनेल. कोपऱ्याचे पॅनेल तसेही वेगळे साचे मागतात, तेव्हा फरक तिथे गेला तर नवीन काही वाढत नाही. हे ग्रिडच्या ऑटो सेटिंगमधून काढायचा हट्ट धरू नका, नाव दिलेले सात प्लेन हाताने काढा, एकदाच काढायचे आहेत आणि सगळ्या मजल्यांना तेच चालतात.

सांधा ३,६०० च्या आतच धरा. ३,६०० हे सांध्याच्या मध्यापासून सांध्याच्या मध्यापर्यंतचं माप, म्हणजे ओतायचा पॅनेल ३,५८०. कोपऱ्याच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला अर्धाच सांधा जातो म्हणून १,८४०, आणि बाहेरच्या बाजूला कोपऱ्याचा डिटेल काय आहे त्यावर. डिव्हाईड पार्ट्समध्ये डिव्हिजन गॅप २० द्या आणि नंतर एका पार्टवर माप टाकून ३,५८० येतंय का ते तपासाच.

क्रेनखाली

वरचं सगळं पटतंय, पण ३,६०० कुठून आलं ते विचारलंय का? वजन काढून बघा. ३.६ गुणिले ३ गुणिले ०.१५ म्हणजे १.६२ घनमीटर, आरसीसी साधारण २,५०० किलो प्रति घनमीटर, झालं ४,०५० किलो. दीड मीटर बाय १.२ ची खिडकी असेल तर पावणेसातशे किलो कमी होतात, पण हिशोब बिनखिडकीच्या पॅनेलवर करायचा आणि क्रेनचा हात सगळ्यात लांब जिथे जातो तिथला, कारण क्रेन जवळ जेवढं उचलते तेवढं लांब उचलत नाही. साच्यातून काढताना काँक्रीट चिकटलेलं असतं, तेव्हा ओढ वजनापेक्षा जास्त लागते, तेही धरा. कोणी दोन मजल्यांचा उभा पॅनेल सुचवला की वजन थेट दुप्पट, हे आधीच बोलून ठेवा. पार्ट्सचं शेड्यूल करा, व्हॉल्यूमला घनतेने गुणणारी कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू टाका, मग प्रत्येक बदलानंतर सगळ्यात जड पॅनेल कुठला ते लगेच दिसतं.

दुसरं म्हणजे खिडक्या. प्लेन काढताना सांध्याची रेष खिडकीतून गेली तर रेव्हिट काही बोलत नाही, निमूट कापतं, आणि दोन पॅनेलना अर्ध्या अर्ध्या खाचा पडतात. असा सी आकाराचा पॅनेल उचलताना खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून तडकतो. मी एकदा हे उशिरा पाहिलं, तेव्हा ड्रॉइंग पुढे गेलेली होती आणि पूर्ण दर्शनी बाजू परत विभागावी लागली. खिडकीच्या बाजूला किती काँक्रीट राहायला हवं ते स्ट्रक्चरलवाल्यांकडून आधीच लिहून घ्या.

रेषा_भिंत

दोघांचेही मनापासून आभार! नाव दिल्याबरोबर प्लेन यादीत आले. १,८५०, मग सहा ३,६००, मग १,८५० असं विभागलं आणि गॅपनंतर माप ३,५८० च येतंय. पण तिसरी रेष खरंच खिडकीतून जातेय, ९० मिमी आत. आणि एक शंका, २० मिमीचा सांधा जास्त नाही ना? आर्किटेक्ट १० म्हणतायत, रेषा बारीक दिसावी म्हणून.

साचा_आणि_सांधा

१० वर तयार होऊ नका. काँक्रीट दर अंशाला साधारण मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं, ३.६ मीटरला ४० अंशांच्या फरकात पावणेदोन मिमी. सीलंट (सांध्यात भरायचा लवचिक मसाला) ±२५ टक्क्यांचा, म्हणजे सांध्याच्या रुंदीच्या तेवढी हालचाल सोसणारा असेल तर सांधा हालचालीच्या चौपट लागतो, म्हणजे ७ मिमी फक्त तापमानालाच गेले. उरलेल्या ३ मध्ये साच्याची चूक, उभारतानाची चूक, सगळं बसवायचं, ते बसत नाही. कुठेतरी सांधा ५ वर आला की सीलंट फाटतो आणि पाणी आत जातं. आर्किटेक्टना हेच आकडे दाखवा, आणि रेष बारीक दिसायला हवी तर सांध्याचा रंग पॅनेलसारखा घ्या, सीलंट जरा आत बसवा.

तिसऱ्या रेषेचं म्हणाल तर प्लेन सरकवण्याआधी खिडकी सरकते का विचारा. ९० मिमी अधिक काठाला लागेल तेवढं काँक्रीट, एवढीच हलवायचीय. प्लेन सरकवलात तर शेजारचे दोन पॅनेल मापाबाहेर जातात, सातही मजल्यांवर, म्हणजे चौदा.