‘चकवा लागणे’ की ‘चकवा देणे’? डार्क पॅटर्नसाठी मराठी शब्द

संकेतस्थळे तयार करणाऱ्यांसाठी सचोटीच्या रचनेविषयी एक मार्गदर्शिका मराठीत लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे आणि पहिल्याच पानावर ‘डार्क पॅटर्न’ या शब्दापाशी मी अडलो आहे. ब्रिटिश रचनाकार हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली ही संज्ञा योजली, ती वापरणाऱ्याच्या मनात नसलेली गोष्ट त्याच्याकडून करवून घेणाऱ्या मांडणीसाठी: न मागता खरेदीच्या यादीत शिरलेली वस्तू, किंवा एका क्लिकने सुरू होणारी पण अनेक पाने ओलांडल्याशिवाय बंद न होणारी वर्गणी.

‘काळी रचना’ हे शब्दशः भाषांतर मी लगेच बाजूला ठेवले. ‘काळा बाजार’, ‘काळा पैसा’ यांमुळे हा अर्थ मराठीला परका नाही. परंतु संकेतस्थळांना ‘डार्क मोड’ही, म्हणजे गडद पार्श्वभूमीचे रूपही, असतो, तो पूर्णपणे निरुपद्रवी असतो, आणि ‘काळी रचना’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे रंगच उभा राहतो. ब्रिग्नल स्वतःही पुढे ‘डिसेप्टिव्ह पॅटर्न’ या नावाकडे वळले. त्यासाठी ‘फसवी रचना’ चालेल, पण बनावट संकेतस्थळांनाही आपण फसवीच म्हणतो, आणि येथे संकेतस्थळ खरे असते, व्यवहार खरा असतो, वाट तेवढी मुद्दाम फिरवलेली असते. म्हणून मला ‘चकवा’ सुचतो. रानात चकवा लागलेला माणूस रात्रभर चालून पुन्हा त्याच झाडाखाली येतो, तसा वर्गणी बंद करायला निघालेला माणूस ‘माझे खाते’, ‘मदत’, ‘नेहमीचे प्रश्न’ असा फिरत पुन्हा ‘माझे खाते’ या पानावर येऊन उभा राहतो. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

शब्द सुरेख आहे, परंतु त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. भूक लागते, ठेच लागते, तसाच चकवा लागतो. या सर्व प्रयोगांत भोगणारा दिसतो, करणारा दिसत नाही. ज्या मार्गदर्शिकेचा हेतूच जबाबदारी ओळखायला लावण्याचा आहे, तिच्यात करणाऱ्याला झाकणारा प्रयोग नसावा, कारण ही वाट कोणीतरी ठरवून, आखून, तपासून बांधलेली असते. ‘चकवा देणे’ यात कर्ता आहे, पण तेथे दुसरी अडचण येते: प्रतिस्पर्ध्याला चकवा देणाऱ्या खेळाडूचे आपण कौतुक करतो. त्यामुळे नामाऐवजी ‘चकवणारी मांडणी’ असे म्हणावे असे मला वाटते. ‘रचना’पेक्षा ‘मांडणी’ मला अधिक योग्य वाटते, कारण मांडणी कोणीतरी मांडलेली असते हे त्या शब्दातच आहे.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र संज्ञेइतकाच विचार बटणांवरच्या शब्दांचाही व्हावा. ‘मौन म्हणजे संमती’ हे आपल्या तोंडी बसलेले वचन या क्षेत्रात सपशेल उलटे ठरते. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला; मौन, आधीच खूण केलेला चौकोन किंवा काहीच न करणे म्हणजे संमती नव्हे, असे त्याच्या प्रास्ताविकात स्पष्ट म्हटले आहे. कुकींच्या, म्हणजे संकेतस्थळ वापरणाऱ्याच्या यंत्रावर ठेवते त्या छोट्या नोंदींच्या, बाबतीत आधीच खूण केलेला चौकोन ग्राह्य नाही, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयानेही १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. ‘सहमती’ मतांची असते, ‘परवानगी’ अधिकाराने दिली जाते. जिच्यावाचून समोरच्याला माझ्या बाबतीत पुढे जाता येऊ नये ती ‘संमती’, म्हणून येथे तोच शब्द हवा.

आता कुकींसाठी संमती मागणारी एक प्रत्यक्ष पाहिलेली चौकट सांगतो. ‘सर्व स्वीकारा’ हे ठळक निळे बटण, आणि त्याखाली पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत ‘प्राधान्ये व्यवस्थापित करा’. वेव्ह, ॲक्स किंवा लाइटहाउस या सुगम्यता (अपंगांनाही संकेतस्थळ वापरता येणे) तपासणाऱ्या साधनांपैकी कोणतेही चालवले असते, तर राखाडी अक्षरांची चूक लगेच कळली असती, कारण साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असे सुगम्यतेच्या निकषांत ठरलेले आहे. परंतु अक्षरे गडद केल्यावरही तो मजकूर नकाराचा आहे हे कोणाला कळणार? एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा मोफत पडदावाचक लावून मी तीच चौकट डोळे मिटून ऐकली, तेव्हा ‘प्राधान्ये व्यवस्थापित करा’ या शब्दांमागे नकाराची सोय आहे, असे मला क्षणभरही वाटले नाही. तेथे क्लिष्ट शब्द हाच चकवा होता, आणि तो पकडणारे साधन माझ्या माहितीत नाही. तो माणसानेच वाचून पकडायचा असतो.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

दोन्ही मते मनापासून पटली. ‘स्वीकारा’ हा आज्ञार्थ आहे, म्हणजे तेथे संकेतस्थळ बोलते. ‘मान्य आहे’ म्हणताना वापरणारा स्वतः बोलतो. हा भेद आपल्या प्रतिसादामुळेच माझ्या लक्षात आला. मार्गदर्शिकेतील नमुन्यात आता ‘मान्य आहे’ आणि ‘मान्य नाही’ ही दोन बटणे एकाच आकारात आणि एकाच रंगात शेजारी ठेवली आहेत. शब्दसूचीतील नोंद पुढीलप्रमाणे केली आहे.

चकवणारी मांडणी (स्त्री.): वापरणाऱ्याने जाणून निवडली नसती अशी कृती त्याच्याकडून करवून घेण्यासाठी जाणीवपूर्वक केलेली पानाची, शब्दांची किंवा क्रमाची योजना. प्रयोग: ‘नकाराचे बटण दुसऱ्या पानावर नेऊन त्यांनी चकवणारी मांडणी केली आहे.’ कर्ता गाळून हा शब्द वापरू नये.

‘डेव्हलपर’साठी मी ‘विकसक’ लिहीत आहे, कारण ‘विकासक’ म्हटले की इमारती बांधणारा डोळ्यांपुढे येतो. यावर कोणाचा आक्षेप असल्यास अवश्य कळवावे.