शब्दचर्चा: ‘विंटर स्टॉर्म’ म्हणजे हिमवादळच का?

कृष्णाकाठ (सांगली): मुलं-नातवंडं अमेरिकेत, कॅनडात असलेली घरं आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तिकडे विंटर स्टॉर्मचा अंदाज आला की इकडच्या बातमीत सरसकट ‘हिमवादळ’ छापतात. ब्लिझर्ड, आइस स्टॉर्म, स्लीट सगळ्यांची बोळवण हिमवादळ आणि गारपीट या दोनच शब्दांवर. वर तिथल्या हवामान खात्याचा ‘वॉच’ असो की ‘वॉर्निंग’, मराठीत दोन्ही ‘इशारा’च. नेमके शब्द कोणते वापरावेत?

पर्जन्यमापक (कराड): आधी वस्तू बघू, मग शब्द. ब्लिझर्डची अमेरिकेच्या हवामान खात्याची व्याख्या मोजूनमापून केलेली आहे. वारा ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त, उडत्या हिमामुळे ४०० मीटरपलीकडचं दिसेनासं झालेलं, आणि ही स्थिती निदान ३ तास टिकलेली. आकाशातून हिम पडतच असलं पाहिजे अशी अट नाही. आधी पडलेलं भुसभुशीत हिम वाऱ्यानं उचललं तरी ब्लिझर्डच. ‘हिमवादळ’ हा शब्द याच्यासाठी राखून ठेवावा.

विंटर स्टॉर्मचा पसारा मोठा. एकाच कमी दाबाच्या क्षेत्राभोवती एकीकडे हिम, मधल्या पट्ट्यात गोठता पाऊस, दुसऱ्या अंगाला साधा पाऊस. त्याला ‘हिवाळी वादळ’ म्हणा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात ४५ लाखांहून जास्त घरांची आणि दुकानांची वीज गेली. वीजकेंद्रं, गॅसच्या विहिरी आणि नळ थंडीनं गोठल्याचा तो परिणाम होता. त्या बातमीला ‘हिमवादळ’ मथळा दिला की वाचणारा हिमाचे ढिगारे डोळ्यांसमोर आणतो आणि खरं कारण बाजूलाच राहतं.

शब्दवेडी (मिरज): गोठता पाऊस म्हणजेच स्लीट का?

पर्जन्यमापक: नाही ताई, आणि सगळा घोळ इथंच होतो. वरून निघतं ते हिमच. वाटेत शून्याच्या वरची उबदार हवा लागली की त्याचं पाणी होतं. पुढं जमिनीलगतचा थंड थर जाड असेल तर थेंब खाली येईतो परत गोठतो आणि टणटणीत, साबुदाण्याएवढा मणी होऊन जमिनीवर उडतो. हे स्लीट. तोच थर पातळ असेल तर गोठायला वेळ मिळत नाही. शून्याखाली गेलेला पण अजून पाणीच असलेला थेंब तारेवर, फांदीवर, डांबरावर आपटतो आणि तिथंच त्याची काच होते. हा गोठता पाऊस. असा साधारण ६ मिलिमीटरचा लेप चढायची चिन्हं असली की तिकडे आइस स्टॉर्मचा इशारा निघतो, कारण त्या वजनानं फांद्या मोडतात आणि तारा लोंबतात.

अंदाज चुकतो तोही याच जागी. मधल्या उबदार थराचं तापमान एखाद्या अंशानं इकडेतिकडे झालं की सगळं फिरतं. २५ मिलिमीटर पाणी हिम होऊन पडलं तर ढोबळमानानं २५ सेंटीमीटरचा थर साचतो, तेच गोठत पडलं तर वीज जाते, आणि नुसतं पाणी पडलं तर गटारं भरतात. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांना एकाच वादळाचे दोन वेगळे अंदाज येतात ते यामुळं.

शब्दवेडी: म्हणजे ‘गोठलेला पाऊस’ म्हटलं तर स्लीट होईल आणि ‘गोठता पाऊस’ म्हटलं तर दुसरा. एका प्रत्ययावर अर्थ फिरतो. छापताना तो जपायलाच हवा.

द्राक्षवेल (तासगाव): स्लीटला ‘गारा’ तर अजिबात म्हणू नका. गार उंच गडगडाटी ढगात तयार होते. वर चढणारी हवा तिला झेलत राहते, थरावर थर चढतात, आणि पेलवेनाशी झाली की ती कोसळते. गारपिटीत द्राक्षाचे मणी फुटतात, पानं चाळणी होतात, वेलीच्या काडीची साल सोलून निघते. त्या जखमेमुळं पुढच्या हंगामाची काडीसुद्धा धोक्यात येते. ‘गार’ ऐकलं की इथल्या माणसाला हे सगळं दिसतं. स्लीटला ‘बर्फकणी’ म्हणावं, तांदळाची कणी असते तशी.

शब्दवेडी: बर्फकणी पटलं. मला ‘हिमकण’ सुचत होता, पण तो महाबळेश्वरच्या बातम्यांनी आधीच उचललाय.

वेण्णाकाठ (सातारा): आणि चुकीच्या जागी उचललाय. वेण्णा तलावाच्या जेट्टीवर, जीपच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पहाटे जो पांढरा थर दिसतो तो आकाशातून पडलेला नसतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता सोडून देते, थंड हवा सखलात साठते आणि दव जागच्या जागी गोठतं. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर किंवा त्याहून उंच पेटीत असतो. त्यामुळं त्याचा आकडा बऱ्यापैकी वर असताना गवतावर बर्फ असू शकतो. दोन्ही खरं आहे, फक्त ‘महाबळेश्वरात बर्फवृष्टी’ खरं नाही.

गंमत क्रियापदाची आहे. मराठीत दव पडतं, धुकं पडतं, थंडीही पडते. क्रियापद सगळ्यांना एकच, तेव्हा फरक नामानंच दाखवावा लागतो. साधं ‘गोठलेलं दव’ पुरेसं आहे.

‘दवबिंदू गोठले’ हेही टाळावं. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी व्हायला लागते ते तापमान, आणि बागाईतदाराला तो आकडा हवा असतो. संध्याकाळी दवबिंदू १७ अंश आणि पहाटेचं किमान तापमान १५ असेल, तर पानं रात्रीच ओली होणार हे धरून चालायचं.

द्राक्षवेल: आणि पान जितका वेळ ओलं, तितकी डाऊनी या बुरशीजन्य रोगाला वाट मोकळी. ‘दवाचे थेंब’ म्हणा की, काय बिघडतं!

कृष्णाकाठ: आता वॉच आणि वॉर्निंग?

पर्जन्यमापक: दादा, वॉच ‘कमी धोक्याचा’ असा समज पसरलाय, तो चुकीचा आहे. वॉचमध्ये धोका मोठाच असतो, खात्री कमी असते. वॉर्निंगमध्ये धोका मोठा आणि खात्रीही असते. ॲडव्हायझरीत खात्री असते, पण धोका त्या मानानं लहान. मी अनुक्रमे ‘पूर्वसूचना’, ‘इशारा’ आणि ‘खबरदारीची सूचना’ असं लिहीन.

आपल्या हवामान खात्याच्या सूचनांना दिलेल्या रंगांचंही तसंच आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. बातमीत तिन्हींना ‘इशारा’ म्हटलं की तिसऱ्या वेळी कोणी मान वर करून बघत नाही.

द्राक्षवेल: बागेत प्रत्येक रंगाचं काम वेगळं असतं. पिवळ्याला चर मोकळे करायचे आणि औषध आणून ठेवायचं. नारंगीला पाऊस यायच्या आत स्पर्शजन्य बुरशीनाशकाची फवारणी उरकायची, पण ती वाळायला अवधी मिळेल अशा बेतानं. पाऊस थांबला की औषध न सोडता नुसता ब्लोअर (फवारणीचं पंख्याचं यंत्र) फिरवून घडातलं पाणी झटकायचं. फुलोऱ्यात पाणी अडकून राहिलं की घडकुज ठरलेली. बेदाणा शेडवर असेल तर बाजूचे कागद आधी खाली सोडायचे, अर्धवट सुकलेला माल भिजला की काळा पडतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळाच्या आणि डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीच्या पावसात द्राक्षपट्ट्यात हीच धावपळ होती.

वेण्णाकाठ: ‘तुरळक ठिकाणी’बद्दलही सांगा, लोक त्याचा अर्थ ‘थोडासा पाऊस’ असा घेतात.

पर्जन्यमापक: तो शब्द जागांचा आहे, पाण्याचा नाही. विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस म्हणजे ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के म्हणजे ‘काही ठिकाणी’. पाण्याचं माप निराळं. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ या काळात ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तर ‘मुसळधार’. तेव्हा ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मुसळधार’ वाचून तासगावनं निश्चिंत व्हायचं कारण नाही, ते ठिकाण तासगावही असू शकतं. आपले सातारा-सांगली या मध्य महाराष्ट्र विभागातच मोडतात.

कृष्णाकाठ: मग हे वाक्य बघा: ‘शनिवारी रात्रीपासून हिवाळी वादळाची पूर्वसूचना. उत्तरेकडे २० ते ३० सेंटीमीटर पाऊस हिमरूपात, दक्षिणेकडे आधी बर्फकणी, मग गोठता पाऊस.’

पर्जन्यमापक: ‘२० ते ३० सेंटीमीटर हिमाचा थर’ असं करा. पाऊस म्हटलंत तर पाणी दहापट होतं. बाकी वाक्य छापायला द्या.