‘कमिशनिंग’साठी मराठी शब्द : कार्यान्वयन की सिद्धता?

प्रश्न : इंदूरच्या आमच्या मराठी वाचक मंडळासाठी मी त्वरक मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणूंना आयनरूपात वेग देऊन भारानुसार वेगळे करणाऱ्या आणि मोजणाऱ्या यंत्रावर, टिपण लिहीत आहे. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात अशा यंत्रणेने कार्बन-14 आणि बेरिलियम-10 हे दुर्मीळ समस्थानिक मोजतात. यंत्राच्या ‘कमिशनिंग’ला मी ‘उद्घाटन’ लिहिले होते, पण ते खटकते. जाणकारांनी शब्द सुचवावा.

उत्तर : ‘कार्यान्वयन’ लिहावे. वर्तमानपत्रांत तोच रूढ आहे.

उत्तर : वरील सूचनेशी मी आदरपूर्वक असहमत आहे. योजना कार्यान्वित झाली म्हणजे तिचा अंमल सुरू झाला. ती बरोबर चालते की नाही, हा प्रश्न त्या शब्दात येतच नाही, आणि कमिशनिंगचा सारा भर तर त्याच प्रश्नावर असतो. आपल्या गावात इंडस-1 आणि इंडस-2 ही त्वरक यंत्रे असल्यामुळे हा इंग्रजी शब्द येथील कित्येक मराठी घरांत जेवतानाही कानावर पडतो, म्हणून त्याचा अर्थ नीट लावणे मला अगत्याचे वाटते.

एक मिलिग्रॅम आधुनिक कार्बनात कार्बन-14 चे सुमारे सहा कोटी अणू असतात, पण त्यांचा अर्धायुकाल सुमारे 5730 वर्षांचा असल्याने तासाभरात जेमतेम एखाद्याचेच विघटन होते. म्हणून विघटनाची वाट न पाहता अणूच मोजावेत, ही या यंत्रामागची कल्पना. अडचण अशी की अशा एका अणूमागे साधारण एक लाख कोटी साधे कार्बन-अणू असतात, शिवाय नायट्रोजन-14 चा भार जवळजवळ तेवढाच. यंत्राच्या उगमापाशी नमुन्यातील अणूंचे ऋण आयन करतात; नायट्रोजनचा ऋण आयन टिकत नाही, त्यामुळे तो तेथेच गळतो; कार्बन-13 ला हायड्रोजन चिकटून झालेले रेणू मात्र पुढे येतात आणि त्वरकाच्या मध्यावर विरळ वायूतून जाताना इलेक्ट्रॉन गमावून फुटतात.

हे सारे ठरल्याप्रमाणे घडते, हे यंत्र बसवल्यावर दाखवून द्यावे लागते. निर्वात यंत्रणांवर माझी सारी नोकरी गेली. जोडावर हेलियम सोडून गळती शोधताना काटा जरासा हलला तरी काळजात धस्स होत असे. निर्वात साधला की विद्युत्दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा, विपुल अशा कार्बन-12 च्या शलाकेने मार्ग जुळवायचा, ऑक्झॅलिक आम्लापासून केलेल्या प्रमाण नमुन्याचे ज्ञात गुणोत्तर परत मिळते का ते पाहायचे आणि शेवटी ज्यात कार्बन-14 उरलेलाच नाही असे ग्रॅफाइट लावायचे. त्यातूनही मोजणी होतेच; ती किती खाली येते, यावर यंत्राची योग्यता ठरते.

म्हणून माझा शब्द ‘सिद्धता’. ‘पूर्वसिद्धता’ आणि ‘युद्धसिद्धता’ यांत तो तयारी सांगतो, तर भूमितीच्या वहीत ‘सिद्धता’ म्हणजे पुरावा. तयारी आणि पुरावा हे दोन्ही अर्थ येथे हवेत, आणि मराठीने ते एकाच शब्दात आधीच ठेवले आहेत. ‘उभारणी’ हा त्याआधीचा टप्पा, ‘उद्घाटन’ हा समारंभ.

प्रश्न : शब्द मनापासून पटला. मग ‘यंत्र सिद्ध झाले’ एवढे लिहिले तर चालेल का?

उत्तर : कशासाठी सिद्ध झाले, तेही लिहावे. बेरिलियम-10 चा समभारिक, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच भाराचा पण वेगळ्या मूलद्रव्याचा अणू, बोरॉन-10 हा नायट्रोजनसारखा उगमापाशी गळत नाही. तो शोधकाच्या अलीकडे पटलात किंवा वायूत अडवावा लागतो, आणि त्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. तेव्हा ‘यंत्र कार्बन-14 च्या मोजणीसाठी सिद्ध झाले असून बेरिलियम-10 साठी सिद्धतेचे काम चालू आहे’, असे वाक्य अचूक होईल.